परमिट रूममध्ये सिगारेट पूर्ण बंद केली तर गल्ल्यावर नेमका किती परिणाम होतो? (नाशिक)

पाथर्डीफाटा_हॉटेल

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ खाली फॅमिली रेस्टॉरंट आणि वर परमिट रूम असं हॉटेल आहे. खाली ३६ खुर्च्या, वर पोटमाळ्यावर २८. वर दोन टनांचे दोन स्प्लिट एसी आहेत, खिडक्या सील केलेल्या आहेत, जिना उघडा आहे आणि मध्ये दार नाही. वर सिगारेट चालते आणि तिचा वास जिन्याजवळच्या तीन टेबलांपर्यंत खाली येतो. लहान मुलं घेऊन आलेली माणसं ती टेबलं नाकारतात. त्या १२ खुर्च्या रविवारी रात्रीसुद्धा सगळ्यात शेवटी भरतात.

आता दोन पर्याय समोर आहेत. एक, वर सिगारेट पूर्ण बंद. दोन, कोपऱ्यात १० बाय ८ फुटांची काचेची स्मोकिंग रूम. भागीदारांचं म्हणणं आहे की पूर्ण बंद केलं तर वरचा निम्मा धंदा समोरच्या बारमध्ये जाईल, कारण तिथं कोणी काही बोलत नाही. ठेकेदार म्हणतो, खोली करा, एक एक्झॉस्ट लावला की काम झालं.

विचारायचं असं की बंदीमुळे धंदा खरंच पडतो का, याचा कुठं नीट हिशेब झाला आहे का? आणि खोलीचा खर्च वसूल होतो की नाही हे आधी कागदावर कसं काढायचं?

गल्ला_आणि_वही

दादा, कायद्याचं आधी थोडक्यात सांगतो, कारण पुढचा हिशेब त्यावर उभा आहे. सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादने कायदा २००३ चा आहे आणि त्याखालचे धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. रेस्टॉरंटच्या व्याख्येत बार, पब, कँटीन, बँक्वेट हॉल सगळं येतं. म्हणजे तुमच्या पोटमाळ्यावर बंदी आजही आहेच, ती पाळायची कशी एवढंच ठरवायचं आहे. ३० किंवा जास्त माणसांच्या बैठकीच्या रेस्टॉरंटला वेगळी स्मोकिंग जागा ठेवायची सवलत आहे, त्यात तुम्ही बसता. पण त्या जागेत दुसरी कुठलीही सेवा देता येत नाही. पाण्याची बाटलीसुद्धा नाही. हे वाक्य भागीदारांना मोठ्याने वाचून दाखवा, कारण खोलीचं सगळं अर्थकारण त्यावर फिरतं.

आता धंदा पडतो का. यावर भरपूर काम झालं आहे. २००३ मध्ये स्कोलो, लाल, हायलंड आणि ग्लँट्झ यांनी असे ९७ अभ्यास एकत्र तपासले. ज्यांत विक्रीकराचे किंवा नोकऱ्यांचे प्रत्यक्ष आकडे बंदीच्या आधीचे आणि नंतरचे घेतले होते आणि मंदी-तेजीचा परिणाम वेगळा काढला होता, त्या सगळ्यांत एक तर फरक नव्हता किंवा थोडी वाढ होती. तोटा दाखवणारे अभ्यास बहुतेक 'मालकांना काय वाटतं' या प्रश्नावर उभे होते आणि त्यांतल्या बहुतेकांमागे तंबाखू कंपन्यांचा पैसा होता. न्यूयॉर्क शहरात ३० मार्च २००३ ला बारमध्ये बंदी आली. पुढच्या दहा महिन्यांत बार-रेस्टॉरंटांची करवसुली आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा ८.७ टक्के वाढली. याचं सगळं श्रेय बंदीला देऊ नका, आदलं वर्ष त्या शहराला फार वाईट गेलं होतं. पण 'निम्मा धंदा जाईल' या भाकितासमोर हा आकडा ठेवायलाच हवा.

एक गोष्ट मात्र भागीदारांच्या बाजूची आहे. हे सगळे आकडे अख्ख्या शहरावर किंवा राज्यावर एकदम लागलेल्या बंदीचे आहेत. तिथं सिगारेटवाल्याला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. शेजारी मोकळं असेल तर गणित बदलतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १ जानेवारी २००८ पासून कॅसिनोमध्येही बंदी आली आणि शेजारच्या राज्यांतले कॅसिनो मोकळे राहिले. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी मोजलं तेव्हा इलिनॉयच्या कॅसिनोंचं उत्पन्न २० टक्क्यांहून जास्त घसरलेलं निघालं. तुमच्या बाबतीत राज्याची सीमा म्हणजे मधला रस्ता. कायदा दोन्ही बाजूंना एकच आहे, पाळणूक एकसारखी नाही. म्हणून तुमचा तोटा बंदी किती कडक आहे यापेक्षा समोरचा ती किती पाळतो यावर ठरेल.

यावर करण्यासारखं एक आहे. त्या पट्ट्यातल्या सात-आठ परमिट रूमवाल्यांनी बसून एकच तारीख ठरवायची आणि त्या तारखेपासून सगळीकडे ॲशट्रे उचलायचे. एकट्याने सुरू केलं तर तोटा तुमचा आणि फायदा शेजाऱ्याचा. सगळ्यांनी मिळून केलं तर गिऱ्हाईक जिथल्या तिथं राहतं आणि एसीची सफाई, रंगकाम, भोकं पडलेलं रेक्झिन हा खर्च सगळ्यांचाच वाचतो.

निम्मा धंदा हा आकडा येतो कुठून तेही बघा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले, पुरुषांत ६ टक्के. परमिट रूममध्ये हे प्रमाण याच्या कितीतरी पट असणार, मान्य. पण चार जणांच्या टेबलावर बहुधा एखाद-दुसरा ओढणारा असतो आणि टेबल कुठं बसायचं ते चौघांनी मिळून ठरतं.

डक्टवाला_सातपूर

'एक एक्झॉस्ट लावला की काम झालं' हे वाचून लिहायला बसलो. दादा, या ठेकेदाराला थांबवा.

नियमात स्मोकिंग रूमच्या अटी स्पष्ट आहेत. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंत, आपोआप बंद होणारं दार, हवा थेट इमारतीबाहेर जाणारी आणि बाकीच्या एसीत परत न मिसळणारी, खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. शिवाय ही खोली येण्या-जाण्याच्या दाराशी नको आणि बाहेर इंग्रजीत व एका भारतीय भाषेत पाटी हवी. 'छतापर्यंत' म्हणजे स्लॅबपर्यंत. बहुतेक जण फॉल्स सीलिंगपर्यंत काच लावून सोडून देतात. मग धूर सीलिंगच्या वरून सगळ्या पोटमाळ्यावर फिरतो आणि दिव्यांच्या भोकांतून खाली उतरतो.

आता माप. १० बाय ८, उंची १० धरली तर ८०० घनफूट. एका वेळी सहा माणसं धरा. धूम्रपानाच्या खोलीला माणशी ६० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे ३६० सीएफएम, तासाला २७ वेळा हवा बदल. भिंतीत बसतो तो नऊ इंची पंखा खोक्यावर मोठा आकडा दाखवतो, पण तो मोकळ्या हवेतला असतो. पुढं डक्ट आणि दोन बेंड आले की हवा निम्मीसुद्धा जात नाही. डक्टच्या मध्येच बसणारा इनलाइन सेंट्रिफ्यूगल पंखा घ्या, आठ इंची गोल डक्ट, बेंड कमीत कमी, बाहेरच्या टोकाला ग्रॅव्हिटी शटर, म्हणजे आपोआप मिटणारी झडप. शटर नसेल तर पंखा बंद असताना वाऱ्याने जुनी घाण हवा परत आत येते. बाहेरचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा स्वतःच्या एसीच्या आउटडोअरकडे नको.

३६० सीएफएम बाहेर टाकायची तर तेवढीच आत यायला वाट हवी, नाहीतर पंखा नुसताच घुमतो आणि दार उघडताना जोर लागतो. तीन फुटी दाराखाली एक इंच फट ठेवली तर ३६ चौरस इंच मिळतात, ते पुरत नाहीत. दाराच्या खालच्या भागात १२ बाय १२ ची जाळी द्या, म्हणजे मोकळी जागा एकूण १२० चौरस इंचांच्या आसपास होते. जाळी दिली की पंखा चालू असेपर्यंतच धूर आत राहतो, म्हणून पंख्याचं बटण खोलीत ठेवू नका. परमिट रूमच्या मेन लाइटबरोबर जोडा आणि बंद झाल्यावर अर्धा तास चालेल असा टायमर लावा.

सगळ्यात जास्त खोल्या फसतात त्या स्वयंपाकघरामुळे. तुमचा हूड, म्हणजे चुलीवरचं धूर ओढणारं छत्र, ६ बाय ३ चा असेल तर त्याला १८०० सीएफएमच्या आसपास ओढ लागते, स्मोकिंग रूमच्या पंख्याच्या पाचपट. किचनला स्वतःची ताजी हवा दिलेली नसेल तर हूड ती हॉलमधून ओढतो, जिन्यावरून ओढतो आणि शेवटी तुमच्या त्या जाळीतूनही ओढतो. म्हणजे स्मोकिंग रूमचा धूर तव्याच्या दिशेने निघतो. तुमच्याकडे वास खाली उतरण्याचं एक कारण हेच असणार. दुसरं कारण असं की पोटमाळ्यावरची थंड हवा जड असते, ती उघड्या जिन्यातून पाण्यासारखी खाली येते आणि धूर घेऊन येते. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. त्याच्या जाळीत धूळ अडकते, धूर नाही.

तपासायला यंत्र लागत नाही. रात्री गर्दीच्या वेळी किचनचा हूड फुल चालू, सगळी दारं बंद, स्मोकिंग रूमचं दार दोन इंच उघडं. उंबऱ्याशी एक पेटलेली अगरबत्ती धरा, मग कमरेच्या उंचीला, मग डोक्याच्या. तिन्ही ठिकाणी धूर आतल्या बाजूला झुकला पाहिजे. वरच्या बाजूला बाहेर येत असेल तर खोली नापास. खोली घ्यायच्या आधी हीच चाचणी जिन्यात करून बघा, हूड चालू आणि बंद ठेवून. अर्धं दुखणं किचनला ताज्या हवेचा पंखा दिल्यावर कमी होईल.

वीज फार नाही. एप्रिलच्या दुपारी बाहेर ४० आणि आत २५ असेल तर ही बाहेर गेलेली ३६० सीएफएम भरून काढायला ०.९ टनाच्या आसपास एसी लागतो. रात्री बाहेर ३२ असेल तर अर्ध्या टनाहून कमी. तुमचा धंदा रात्रीचा आहे, म्हणजे पंख्यासकट रोजचे तीन-चार युनिट. खरा पैसा जागेत अडकतो, त्यावर वर लिहिणाऱ्यांनी आकडे मांडावेत.

आणि खोली कितीही चांगली केली तरी आत फरशी पुसायला जाणारा पोऱ्या तो धूर घेतोच. हवा फिरवून धुराचा धोका शून्य होत नाही, हे वातानुकूलनवाल्यांच्या जागतिक संघटनेनेही, म्हणजे ॲशरेने, स्पष्ट मांडलेलं आहे.

गल्ला_आणि_वही

जागेचा हिशेब असा. ८० चौरस फूट आणि भिंती, दाराची झेप धरून ९० ते ९५. बसायला माणशी १५ चौरस फूट धरले तर सहा खुर्च्या गेल्या, २८ पैकी. सोमवार ते गुरुवार वर निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतील तर त्या सहा गेल्याचं नुकसान काही नाही. नुकसान फक्त हाउसफुल रात्रींचं.

समजा महिन्यात अशा १२ रात्री, खुर्ची रात्रीतून दीड वेळा भरते, माणशी बिल ७०० रुपये. सहा गुणिले दीड म्हणजे ९ माणसं, रात्रीचे ६,३०० रुपये, महिन्याचे ७५,६०० रुपये विक्री. माल वजा जाता ४५ टक्के हातात राहत असतील तर ३४,००० रुपये. यात तुमचे आकडे टाका. वर खोलीचा बांधकामखर्च, काच, पंखा, दार आपोआप बंद करणारा क्लोजर तीन वर्षांत वाटून मिळवा.

आता उलट बाजू. ७५,६०० भागिले ७०० म्हणजे १०८ माणसं, चार-चारची २७ टेबलं. खोली नसल्यामुळे महिन्याला २७ पेक्षा जास्त टेबलं कायमची तुटणार असतील तरच खोली परवडते. तीही रिकाम्या दिवसांची टेबलं मोजायची. शनिवारी रात्री एक टेबल रागावून गेलं तरी खाली वेटिंगला उभा असलेला त्या जागी बसतो, तिथं तोटा नाही. महिन्याला एवढी टेबलं नुसत्या सिगारेटसाठी सोडून जातील असं मला वाटत नाही, समोरचा बार धरूनसुद्धा.

पाथर्डीफाटा_हॉटेल

दोघांचेही आभार. हूडचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्या अगरबत्ती लावून बघतो. अजून एक. मागच्या बाजूला २० बाय १५ ची मोकळी गच्ची आहे, वर पावसाळ्यापुरते पत्रे टाकता येतील. तिथं टेबलं टाकून सिगारेटला मोकळीक दिली तर? गच्ची म्हणजे उघडी जागा, कायद्यात उघडी जागा सुटते असं ऐकलं आहे. कोणी तर तिथं हुक्का सुरू करा म्हणतो.

नियम_वाचून_बोला

हुक्क्याचा विचार आत्ताच सोडा. कमला मिलच्या २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ माणसं गेली, त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. शिक्षा एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते एक लाख दंड. सिगारेटच्या २०० रुपये दंडाशी त्याची तुलनाच नाही. ई-सिगारेटही नको, २०१९ पासून तिची विक्रीच काय, साठाही गुन्हा आहे.

उघड्या जागेचं तुम्ही अर्धंच ऐकलं आहे. मूळ कायद्यात उघडी जागा वगळली आहे खरी, पण २००८ च्या नियमांनी सांगून टाकलं की लोकांची ये-जा असलेली ठिकाणं, उदाहरणार्थ उघडं सभागृह, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस थांबा आणि तशी इतर, ही त्या सवलतीत येत नाहीत. गिऱ्हाइकांसाठी टेबलं मांडली की तुमची गच्ची त्यात गेली असं धरून चाला. दुसरी अडचण दारूची. परमिट रूमचा मंजूर नकाशा असतो. गच्ची त्यात नसेल तर तिथं ग्लास गेला की उत्पादन शुल्क खात्याचा प्रश्न उभा राहतो आणि तो लायसनवर येतो. पत्रे टाकून बाजूने पावसाचे प्लास्टिकचे पडदे सोडले की ती खोलीच झाली, फक्त एक्झॉस्ट नसलेली.

गच्चीचा उपयोग वेगळा करा. मंजुरी घेऊन सिगारेटशिवाय फॅमिलीसाठी टेबलं टाका. संध्याकाळच्या हवेत नाशिकची माणसं बाहेर बसायला आवडीने येतात, गंगापूर रोडची गार्डन रेस्टॉरंटं त्यावरच चालतात. ज्याला ओढायचं आहे तो खाली जाऊन, आवाराबाहेर, दारापासून लांब ओढेल. तिथं वाळूची कुंडी ठेवा, ती पायऱ्यांशी किंवा छपराखाली नको, नाहीतर सगळा घोळका दारातच थांबतो आणि फॅमिलीवाल्यांना त्यातून वाट काढावी लागते.

बंदी लावायच्या दिवशी करायची कामं सांगतो. पाटी किमान ६० बाय ३० सेंटीमीटर, पांढरी. त्यात १५ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ, तीन सेंटीमीटर रुंद लाल कडा, मध्ये धुरासह सिगारेट किंवा बिडी आणि तिच्यावर लाल पट्टी, खाली 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे'. प्रवेशद्वारी एक, प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्ट असेल तर तिथं. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव पाटीवर हवं, तो माणूस रात्रीच्या शिफ्टला हजर असणारा असावा. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत. वाटीत ओला टिश्यू किंवा ग्लासात दोन घोट पाणी घालून टेबलावर आणून देणं हाही ॲशट्रेच झाला, आणि वेटर सवयीने तेच करतात. तक्रार आली आणि तुम्ही काही केलं नाही, तर जितके जण ओढत होते तितका दंड मालकालाही लागतो. दंड छोटा आहे हे खरं, पण दर वेळी कागद होतो.

काउंटरवर सुटी सिगारेट विकत असाल तर तेही थांबवा, सप्टेंबर २०२० पासून राज्यात सुट्या विक्रीवर बंदी आहे.

वेटरने कसं बोलायचं हेही ठरवून द्या. 'साहेब, इथं चालत नाही' म्हटलं की वाद सुरू होतो. 'साहेब, खाली कुंडी ठेवली आहे, तेवढ्यात पुढचा राउंड लावून ठेवू का?' असं म्हटलं की माणूस उठतो, ऑर्डरही लागते आणि परत येईपर्यंत टेबल थंड पडत नाही. बिल बुडण्याची भीती असते, म्हणून टेबलावर एक जण तरी बसलेला असेल याकडे कॅप्टनने लक्ष द्यायचं. एकटा आलेला असेल तर उठण्यापूर्वी तोपर्यंतचं बिल टेबलावर ठेवायचं, आणि तसं सगळ्यांच्याच बाबतीत करायचं, माणूस बघून नाही.

अंबड_प्लांट

हॉटेलबाहेरच्या धंद्यांचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो, कारण नियम कारखान्यालाही आहे. कामाची जागा म्हणजे सार्वजनिक ठिकाण, हे २००८ च्या नियमांतच आहे.

एमआयडीसीत हिशेब वेळेचा असतो. आठ तासांची पाळी ४८० मिनिटांची. कामगार चार वेळा बाहेर गेला आणि गेटपर्यंत जाऊन-येऊन, टपरीवर उभं राहून १२ मिनिटं लागली तर ४८ मिनिटं, पाळीचा दहावा भाग. मॅनेजमेंट हा आकडा घेऊन बंदीचं समर्थन करतं, पण तो जपून वापरावा. बंदी असूनही माणूस जातोच, फक्त आता गेटपर्यंत चालतो, म्हणजे वेळ वाढतो. आणि न ओढणाराही चहाला उठतोच. फरक पडतो तो ठरलेल्या सुट्टीने. दोन दहा-दहा मिनिटांच्या सुट्ट्या, सगळ्या लाइनला एकदम, मधल्या वेळेत मशीन सोडायचं तर बदली माणूस उभा हवा. सुट्ट्या एकदम दिल्या की सिगारेट ओढणाऱ्याला जास्त वेळ मिळतो ही बाकीच्यांची कुरकुरही बंद होते.

बंदी कुठं चुकते तर ती फक्त धुरावर लिहिलेली असते. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर न काढणारा तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते, ओढणाऱ्यांच्या सहा पटींहून जास्त. शॉप फ्लोअरवर सिगारेट थांबली की तंबाखूची पुडी वाढते. सीएनसी मशीनच्या (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) कूलंट टाकीत, म्हणजे हत्यार थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या टाकीत, कोणी थुंकलं की दोन-चार दिवसांत पृष्ठभागावर तपकिरी साय येते, सोमवारी सकाळी मशीन चालू केल्यावर वास सुटतो, फिल्टर चिकटतो आणि टाकी वेळेआधी रिकामी करावी लागते. कूलंटचा, विल्हेवाटीचा आणि मशीन बंद राहिल्याचा खर्च एकत्र धरला तर त्यापुढे सिगारेटची मिनिटं किरकोळ ठरतात. म्हणून नोटिशीत 'तंबाखूचा कोणताही प्रकार' असं लिहा आणि पुड्या टाकायला गेटवर झाकणाचा डबा ठेवा.

थोटकांचा धोका मात्र वेगळा. तेलकट कॉटन वेस्टच्या डब्यात, थिनरच्या पिंपाजवळ किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक बुरात पडलेलं एक थोटूक पुरतं. चोरून ओढणारा माणूस नेमका अशाच आडोशाला जातो, कॉम्प्रेसरच्या मागे नाहीतर स्क्रॅप यार्डात. तिथं सगळ्यांना दिसेल असा दिवा लावणं पाटीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

गल्ला_आणि_वही

अंबडकरांचा थुंकण्याचा मुद्दा दादांनाही लागू आहे. सिगारेट बंद झाली की बेसिन आणि जिन्याचे कोपरे पहिल्या महिन्यात रोज बघा.

आकडे_जुळवा

वर 'फरक पडत नाही' असं लिहिलं आहे त्यात थोडी भर. रेस्टॉरंट आणि बार हे एकाच तराजूत तोलू नयेत. ॲडम्स आणि कॉटी यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या नोकऱ्यांचे आकडे बघितले, तेव्हा रेस्टॉरंटांमध्ये एकूण फरक नव्हता, पण ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त असलेल्या भागांत बारमधल्या नोकऱ्या कमी झाल्या होत्या. जिथं हवामानामुळे बाहेर बसता येत होतं तिथं रेस्टॉरंटांना उलट फायदा झाला. दादांच्या एकाच छपराखाली दोन्ही धंदे आहेत, म्हणून वरचा आणि खालचा गल्ला कागदावर वेगळा करा. वर थोडा खड्डा आणि खाली भर असं दिसण्याची शक्यता मोठी आहे.

मोजायचं कसं. बिलिंग सॉफ्टवेअरमधून सहा आठवडे आधीचे आणि सहा आठवडे नंतरचे रोजचे हे आकडे काढा: वरची माणसं, खालची माणसं, माणशी बिल, टेबल लागल्याची आणि बिल झाल्याची वेळ, आणि पार्सलची विक्री. वार जुळवून तुलना करा, शुक्रवार शुक्रवारशी. महिन्याची बेरीज घेऊ नका, एका महिन्यात पाच शनिवार आले की आकडा फसवतो. बंदीची तारीख गटारी, श्रावण, नवरात्र आणि मार्गशीर्षाचे गुरुवार यांच्या जवळ ठेवू नका. श्रावणात वरचा धंदा असाही बसतो, मग भागीदार ते बिल बंदीच्या नावावर फाडतील. ड्राय डे आणि मोठ्या क्रिकेट सामन्यांच्या रात्री दोन्ही बाजूंनी काढून टाका.

पार्सलचा आकडा मागितला कारण पार्सल नेणाऱ्याला वर सिगारेट चालते की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. समजा बंदीनंतर वरची विक्री १० टक्के उतरली आणि त्याच आठवड्यांत पार्सलही ६ टक्के उतरलं. मग ६ टक्के बाजाराचे, बंदीच्या वाट्याला राहिले ४. पार्सल जागच्या जागी असेल तर मात्र १० च्या १० बंदीचे धरा. अट एकच, पार्सलच्या ॲपवर त्या काळात ऑफर चालू-बंद करायची नाही आणि मेनूचे भावही बदलायचे नाहीत.

खालच्या १२ खुर्च्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवा. माणशी ३५० रुपये आणि शनिवार-रविवारी त्या खुर्च्या अर्धा वेळ जास्त भरल्या तर दिवसाला सहा माणसं, २,१०० रुपये, आठ दिवसांचे १६,८००. वर महिन्याला २४ माणसं, म्हणजे चार-चारची सहा टेबलं कायमची तुटली, तर ती विक्री तेवढीच होते. जेवणात तुमची टक्केवारी दारूपेक्षा चांगली सुटत असेल, तर हातात येणारा पैसा खालचा जास्त असेल. शिवाय वरच्या टेबलांचा वेळ बघा. ओढणारा तीनदा खाली गेला तर टेबल वीस मिनिटं जास्त अडतं. रिकाम्या दिवशी त्याने काही बिघडत नाही, शनिवारी रात्री साडेनऊनंतर बिघडतं. तो आकडा वाढलेला दिसला तर शनिवारी शेवटच्या ऑर्डरची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या.

पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे बाजूला ठेवा. तेव्हा गिऱ्हाईक वाद घालतं, एखादं टेबल उठून जातं, काही जण समोर जाऊन बघून येतात. तिसऱ्या आठवड्यापासूनचे सहा आठवडे मोजा आणि खोलीचा निर्णय त्यानंतर घ्या. काच तेव्हाही लावता येईल, पण आधी लावली आणि नको झाली तर त्या सहा खुर्च्या परत आणायला तोडफोडीचा खर्च पडतो.

पाथर्डीफाटा_हॉटेल

ठीक. ठेकेदाराला काचेचं काम थांबवायला सांगितलं, किचनला ताज्या हवेचा पंखा आणि जिन्याच्या तोंडाला क्लोजरचं दार यांचे भाव मागवले आहेत. शेजारच्या पाच जणांशी तारखेचं बोलणं या आठवड्यात आहे. डक्टवाले दादा, हूड ७ बाय ३ चा निघाला आणि दिवसभर दोन भट्ट्या चालतात. ताज्या हवेचा पंखा किती सीएफएमचा घेऊ?

डक्टवाला_सातपूर

२१ चौरस फुटांचा हूड म्हणजे २,१०० सीएफएम बाहेर. ताजी हवा त्याच्या ८० ते ८५ टक्के द्या, म्हणजे १,७०० ते १,८००. पूर्ण १०० टक्के देऊ नका, नाहीतर फोडणीचा वास हॉलमध्ये येईल, किचनचा दाब हॉलपेक्षा थोडा कमीच राहिला पाहिजे. हवा हूडच्या समोरून, स्वयंपाक्याच्या डोक्यावरून हळू सोडा, बर्नरवर थेट मारू नका, ज्योत हलते. घेण्याच्या तोंडाला धुता येणारी जाळी लावा आणि ती पंधरा दिवसांनी धुवा. तुमच्या बाजूला हायवेची धूळ आहे, जाळी भरली की हूड परत जिन्यातून ओढायला लागेल.